वर्तणूक समाधानकारक

बी.एड. कॉलेजातला फोन उचलणं हे खरं तर ऑफिसचं काम. पण आमच्या ऑफिसातली मंडळी जेवायला गेली की परत यायची त्यांना घाई नसायची, त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत तो फोन बऱ्याचदा मीच उचलत असे. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला. शिकवतं कोण, वाचनालय आहे का, असलं फालतू काही नाही.

"मॅडम, नॉन-अटेंडिंग आहे का?"

म्हणजे प्रवेश घ्यायचा, कॉलेजात यायचं नाही, आणि शेवटी शिक्षक होऊन बाहेर पडायचं. जो आत आलाच नाही तो बाहेर कसा पडणार, हा प्रश्न फक्त मलाच पडत असावा. मी शांतपणे सांगायचे, "आहे ना. पण मग नोकरीही नॉन-अटेंडिंग शोधावी लागेल हं." बरेच जण फोन ठेवत. एखादा मात्र आशेने विचारे, "अशी असते का मॅडम?"

असते. पण ते मी फोनवर सांगत नसे.

मी कर्वेनगरमधल्या एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. आडनाव गायकवाड, माहेर खडकीचं, वडील दारूगोळा कारखान्यात. आमच्या घरी बौद्ध धम्म स्वीकारला तो आजोबांनी, आणि घरातल्या मुलींनी शिकून मास्तरीण व्हायचं हेही त्यांनीच परस्पर ठरवून टाकलं. खोचक बोलणं ही नदीपलीकडच्या पेठांची खासगी मालमत्ता आहे असा पुण्यात एक समज आहे. खडकीच्या क्वार्टर्समध्ये बायका नळावर काय बोलायच्या, हे न ऐकल्यामुळे तो झालेला आहे.

शिक्षकांना शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात, हे मला रिक्षावाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी विचारलंय, तेव्हा आधी ते सांगते. आमच्याकडे विद्यार्थी नसतात, 'छात्राध्यापक' असतात. काम विद्यार्थ्याचंही आणि शिक्षकाचंही, मान दोघांतल्या कुणाचाच नाही. कॉलेजात त्यांनी मानसशास्त्र, तत्त्वज्ञान वगैरे ऐकायचं आणि मग काही महिने खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या मुलांसमोर उभं राहायचं. या शाळेतल्या मुक्कामाला 'आंतरवासिता' असं भारदस्त नाव आहे. तो शब्द न अडखळता म्हणता आला की अर्धं बी.एड. झालं, असं मी पहिल्याच दिवशी सांगत असे. शाळेत जो तास घ्यायचा त्याला 'पाठ' म्हणतात. आपण काय विचारणार आणि मुलं काय उत्तर देणार हे आधी लिहून काढायचं, ते 'टाचण'. मुलांची उत्तरं आपणच आदल्या दिवशी लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी मुलांनी ती दिली नाहीत की घाम पुसायचा, हा आमच्या शास्त्राचा पाया आहे. पाठ चालू असताना आमच्यापैकी कुणीतरी मागच्या बाकावर बसून गुण देतं. कुणाला कोणत्या शाळेत पाठवायचं, तिथल्या मुख्याध्यापकांच्या विनवण्या कशा करायच्या आणि काही बिघडलं की शिव्या कुणी खायच्या, ही व्यवस्था माझ्याकडे होती.

या सगळ्यातून जाताना छात्राध्यापकाला एकच काळजी असते, ती म्हणजे टर्म ग्रँट होणार की नाही. 'हा आमच्याकडे नीट वागला' असं कॉलेजने सही-शिक्क्यानिशी म्हटलं तरच त्याला परीक्षेला बसता येतं. नीट असण्याच्या अटी भरपूर. हजेरी पुरी हवी. पाठ पुरे हवेत. फायलींना खाकी कव्हर हवं, समास तांबड्या शाईचा हवा. पाठाच्या दिवशी बायकांनी कॉलेजची साडी नेसायची, मरून काठांची, पदर पिनांनी जखडलेला. पुरुषांनी शर्ट खोचायचा. शर्ट खोचल्याने विषयज्ञान वाढतं असा आमच्या प्राचार्यांचा अनुभव होता. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ असायची: 'वर्तणूक समाधानकारक / असमाधानकारक', नको ते खोडा. लग्नपत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात, तितक्याच गांभीर्याने ही ओळ घेतली जायची. माझ्या नोकरीत 'समाधानकारक' खोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वैष्णवीपर्यंत.

तिच्याआधी, समाधानकारक म्हणजे काय त्याचा नमुना म्हणून दोघांची ओळख करून देते. एका मुलाने माझ्यासमोर टाचणांची फाइल ठेवली. उघडते तर प्रत्येक पानावर सही झालेली.

"सही सुंदर आहे. कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच मॅडम."

"म्हणजे तपासून झालेली दिसतेय."

"थँक्यू मॅडम," म्हणत त्याने फाइल उचलली आणि तो निघालासुद्धा. मागच्या तुकडीतल्या कुणाची तरी फाइल त्याने नुसतं वरचं नाव बदलून आणली होती. ती त्याला पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला लावली, तर प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता."

दुसरे एक गृहस्थ सकाळी वर्गात पहिल्या बाकावर बसलेले दिसले. नवे असतील म्हणून नाव विचारलं तर म्हणाले, "मी मिस्टर. हिला बरं नाहीये, म्हणून मी आलोय. प्रेझेंटी लावता ना?"

"लावते की. परीक्षेलाही आपणच बसणार का?"

त्यांनी खरोखर विचार केला. म्हणाले, "तारखा कळल्या तर सुट्टी टाकता येईल."

त्या मुलाचीही आणि या मिस्टरांच्या मिसेसचीही टर्म ग्रँट झाली. आता वैष्णवीचं सांगते.

वैष्णवी राऊत वर्ध्याकडची. वडील एसटीत कंडक्टर. प्रवेश परीक्षेत उत्तम गुण मिळवून पुण्याला आलेली, आणि कॉलेजच्या मागच्या गल्लीत कॉट बेसिसवर राहायची. मुलगी इतकी नियमात की बघणाऱ्याला दडपण यावं. हजेरी पूर्ण, फायली वेळेआधी, अक्षर छापल्यासारखं. साडी नेसून आली की बाकीच्या मुली स्वतःच्या निऱ्या लपवायच्या. तुकडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप चालवायची, आणि तिथे 'टुमारो फाइल सबमिशन आहे गाइज' असं या पुण्यातल्याच मुलींसारखं लिहायची. बोलणं मात्र जपून. प्रत्येक वाक्य आधी मनात धुऊन, इस्त्री करून मग बाहेर काढायची.

त्याला कारण होतं आमचे सबनीस सर. मराठीच्या अध्यापनपद्धतीचे प्राध्यापक. न आणि ण यांच्या रक्षणासाठीच आपला जन्म झाला आहे अशी त्यांची समजूत. पहिल्या पाठात वैष्णवीच्या तोंडून 'मले' निघून गेलं. मले म्हणजे मला. वऱ्हाडात तसंच म्हणतात. सरांनी निरीक्षणात लिहिलं, 'भाषाशुद्धीकडे लक्ष द्यावे.' पुढच्या पाठात लिहिलं, 'प्रादेशिकता टाळावी.' मी एकदा त्यांना म्हटलं, "सर, आपली पुण्याची मराठी कोणत्या प्रदेशातली हो?" ते म्हणाले, "आपली कुठल्याच प्रदेशातली नाही. आपली प्रमाण."

आंतरवासितेसाठी वैष्णवीला मी कॉलेजपासून चालत जाता येईल अशा एका शाळेत पाठवलं. आधीचे पाठ झाले तोच सातवीचा वर्ग, विषय मराठी, या वेळचा पाठ विशेषणांचा. 'कडू', 'आंबट', 'लांब', 'हिरवंगार' हे शब्द मुलांना फळ्यावर दाखवण्याऐवजी हातात द्यायचे असं तिने ठरवलं. सकाळी सकाळी मंडईत जाऊन कारली, चिंचा, मुळे, लिंबं असं काय काय घेऊन आली. पाठ बघायला सबनीस सर मागच्या बाकावर बसले होते. पुढचं मी सरांकडून, वैष्णवीकडून आणि नंतर त्या वर्गातल्या मुलांकडूनही ऐकलं. तिन्हींत फरक एवढाच, की मुलांनी काही गाळलं नाही.

पाठ रंगला होता. कारलं चाखायला मुलांची झुंबड उडाली होती. वैष्णवी खुशीत आली आणि खुशीत येऊन बेसावध झाली. पिशवीतून तिने कोथिंबिरीची जुडी काढली, उंच धरली आणि म्हणाली, "आता सांगा बरं, हा सांबार कसा आहे?"

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात सांबार वाटीतून येतं.

 मग दुसऱ्या बाकावरची सानिका नावाची मुलगी उभी राहिली. चुणचुणीत, कुणाचीही नक्कल करण्यात पटाईत. भाबडा चेहरा करून म्हणाली, "मॅडम, मग इडली कुठंय?"

वर्ग फुटला. एवढ्यावर थांबतं तर वैष्णवीही हसली असती, असं ती मला नंतर म्हणाली. पण सानिकाला वर्ग हातात आल्याचा आनंद झाला होता. कमरेवर हात ठेवून, वैष्णवीच्याच सुरात ती म्हणाली, "मले सांबार द्या न भाऊ, मले!" म्हणजे तो पहिल्या पाठातला 'मले' मुलांनीही जपून ठेवला होता. मुलं बाकं वाजवायला लागली. वैष्णवीने मागे पाहिलं. सबनीस सर हसत होते.

ती दुसऱ्या बाकाशी गेली आणि सानिकाच्या गालावर तिने ठेवून दिली.

मी निरीक्षणाचा कागद मागवून घेतला, तो आजही आठवतो. 'भाषाशुद्धी' पुढे सरांनी गोल शून्य काढलं होतं. 'वर्गनियंत्रण' पुढे लिहिलं होतं, 'उत्तम. वर्गात तत्काळ शांतता प्रस्थापित झाली.'

संध्याकाळपर्यंत एका मुलाच्या वडिलांनी पालकांच्या ग्रुपवर हे टाकलं. मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे हे सगळ्या पालकांना एकदम आठवलं, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांचा मला फोन आला. शाळेत त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात.

"अहो गायकवाड मॅडम, तुम्ही आमच्याकडे शिकवायला पाठवता की मारायला?"

"शिकवायलाच हो," मी म्हटलं.

"मग उद्या तिला घेऊन या. तुमचे प्राचार्यही येऊ देत. मुलीच्या आईला बोलावलंय मी."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही बसलो. प्राचार्य घामाघूम. कॉलेजची तपासणी करायला समिती यायची होती, आणि तिच्यासमोर ठेवायच्या कागदांत काही डाग नको होता. सबनीस सरांना आदल्या दिवसापासून सर्दी झाली होती, ते आले नाहीत. वैष्णवी भिंतीला टेकून उभी. सानिकाची आई आली ती कपाळावरचा घाम पदराने पुसतच. कर्वेनगरच्या चार सोसायट्यांमध्ये पोळ्या लाटायची, तिथली एका घरची कणीक तशीच टाकून आली होती. सानिका तिच्यामागे जमिनीकडे बघत उभी राहिली.

मोठ्या बाईंनी गंभीरपणे झालेला प्रकार सांगितला. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग?" ती म्हणाली. "मारलं तर मारलं की बाई. शिकवायसाठीच मारलं ना? घरी मी बी मारते. लई वाचाळ हाय ती. माझी काय तक्रार न्हाई. जाऊ का मी? पोळ्या राहिल्यात."

खोलीतली हवा एकदम हलकी झाली. मोठ्या बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. प्राचार्यांनी रुमाल खिशात ठेवला. "वा! पालकांचीच तक्रार नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला," ते म्हणाले. "वैष्णवी, तू फक्त दोन ओळींचा खुलासा दे. शिकवण्याच्या ओघात विद्यार्थिनीला चुकून हात लागला. बस. पुढचं मी बघतो."

वैष्णवी म्हणाली, "सर, हात नाही लागला. मारलं मी."

"अगं हो, पण लिहायचं कसं याची एक पद्धत असते."

"मी मारलं न सर तिले." इस्त्री उतरली होती. "हात लागला असता तर मी लगेच सॉरी म्हटलं असतं. मी नाही म्हटलं. माहा हात परत वर गेला होता. तिनं डोळे मिटले म्हणून थांबला."

सानिकाने पहिल्यांदा मान वर केली.

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. कठीण प्रसंगी माझ्याकडे बघणं ही त्यांची प्रशासनाची पद्धत. मी म्हटलं, "सर, उद्यापर्यंत वेळ द्या तिला." आणि वैष्णवीला घेऊन बाहेर पडले.

कॉलेजसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. मी तिला हिशेब सरळ सांगितला. 'हात लागला' म्हटलंस तर कुणी काही विचारणार नाही. 'मारलं' म्हटलंस तर वर्तणुकीची ओळ अडेल, टर्म ग्रँट होणार नाही, पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा आंतरवासिता करावी लागेल. वर्ष जाईल.

"बाबांना काय सांगू?" ती म्हणाली.

"ते मला विचारू नकोस. मी तुला खोटं बोल म्हणणार नाही, आणि खरंच बोल असंही म्हणणार नाही. वर्ष तुझं जाणार आहे, माझं नाही."

"तुम्ही काय केलं असतं मॅडम?"

"मी? मी 'हात लागला' लिहिलं असतं आणि पुढे जन्मभर इतरांना प्रामाणिकपणावर व्याख्यानं दिली असती. या धंद्यात बहुतेकांनी तेच केलंय."

ती हसली नाही. तिने कप बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मॅडम, तिची आई म्हणाली चालतं. मोठ्या बाई म्हणाल्या चालतं. सर म्हणाले चालतं. त्या पोरीला कोणी विचारलंच नाही."

खरं होतं. खोलीत इतकी शिकलेली माणसं होती, बालमानसशास्त्र कोळून प्यायलेली, आणि ज्या गालाबद्दल एवढी चर्चा चालली होती तो गाल कुणी धड पाहिलाही नव्हता.

"मला तिची माफी मागायची आहे," वैष्णवी म्हणाली. "वर्गात. वर्गात मारलं, तर माफीही वर्गातच."

मोठ्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या मारल्याच्या बातमीपेक्षा जास्त हादरल्या.

"अहो, काहीतरीच काय! बाई कधी मुलांची माफी मागतात का? आज ही मागेल, उद्या मुलं आमच्याकडून अपेक्षा करतील. मग शाळा चालायची कशी?"

"नियमात कुठे लिहिलंय, मागू नये म्हणून?" मी विचारलं.

"मागावी असंही कुठे लिहिलेलं नाही."

"मग झालं तर. तुमचाही नियम मोडत नाही, आमचाही नाही."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "मी स्वतः वर्गात उभी राहीन. आणि लवकर आटपा." पालकांच्या ग्रुपवर अजून धग होती, तिचाही उपयोग झाला असावा.

सातवीच्या वर्गात आम्ही तिघी गेलो. वैष्णवी फळ्यापाशी उभी राहिली. टाचण नव्हतं, त्यामुळे मुलं काय उत्तर देतील हे या वेळी कुणालाच माहीत नव्हतं.

"सानिका, परवा मी तुला मारलं," ती म्हणाली.  "तू माझी नक्कल केलीस म्हणून मारलं असं मला आधी वाटलं. पण तसं नाही. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटली. ती लाज माझी होती, आणि मार तुला बसला. तुझी चूक नव्हती. माही होती. मी तुझी माफी मागते."

 'माही' सगळ्यांना ऐकू आलं होतं. कुणी हसलं नाही.

मोठ्या बाई पुढे झाल्या. "सानिका, ऊठ. म्हण, 'ठीक आहे मॅडम, मी माफ केलं.' चल."

सानिका उठली. वैष्णवीकडे बघितलं, मोठ्या बाईंकडे बघितलं. मग म्हणाली, "मी विचार करून सांगते."

"विचार करून काय?" मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला.

"उद्या सांगते," सानिका म्हणाली.

"चालेल," वैष्णवी म्हणाली. "उद्या सांग. नाही केलं माफ तरी चालेल."

एवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पण सांबार म्हणजे खरंच कोथिंबीर?"

"हो. आमच्याकडे."

"मग सांबारला काय म्हणता?"

"सांबारच."

"मग कळतं कसं?"

"ताटात कळतं," वैष्णवी म्हणाली, आणि वर्ग हसला. तीही हसली. आमच्या टाचणांच्या भाषेत याला 'आंतरक्रिया' म्हणतात. मागच्या बाकावर गुण द्यायला त्या दिवशी नेमकं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वैष्णवीला शाळेत येऊ नकोस असं कळवण्यात आलं होतं. बाकीच्या मुलींचे पाठ बघायला मी गेले. मधल्या सुट्टीत सानिका मला शोधत आली.

"त्या मॅडम नाही आल्या?"

"नाही."

"मग त्यांना सांगा, झालं म्हणून."

"काय झालं?"

"माफ झालं," ती म्हणाली आणि डबा खायला पळाली. मी लगेच वैष्णवीला फोन लावला. 'झालं' एवढंच सांगितलं. पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

कॉलेजात मात्र झालं नव्हतं. तिघांची समिती बसली. प्राचार्यांनी अजून एकदा तिला 'हात लागला' सुचवून पाहिलं. सबनीस सरांची सर्दी बरी झाली होती. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण हट्टी. आणि 'माहा हात' असं प्राचार्यांसमोर बोलते, म्हणजे अजून सुधारणा नाही." मी म्हटलं, तिने चूक केली हे खरं, शिक्षाही व्हावी, पण जिने आपण होऊन कबूल केलं तिला शिक्षा आणि जे दुसऱ्याच्या फायली आणतात त्यांना समाधानकारक, हे कागदावर फार छान दिसणार नाही. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, कागदावर फक्त तिचंच दिसणार आहे. बाकीच्यांचं कुठे लिहिलंय?"

ते बरोबर होते. आमच्या अटींत हे सगळं बसत होतं. वैष्णवीच्या वर्तणुकीतला 'समाधानकारक' हा शब्द माझ्यासमोर खोडला गेला. मी त्याखाली माझं वेगळं मत लिहिलं. ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. तपासणी समितीने कॉलेजच्या बागेचं मात्र फार कौतुक केलं.

वैष्णवीचं वर्ष गेलं. वडील वर्ध्याहून आले, ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला म्हणाले, "मॅडम, खोटं नाही बोलली एवढं खरं, पण एक वर्ष लय मोठं असते हो."  पुण्यात खोलीभाडं परवडेना म्हणून ती काही महिने घरी गेली, आणि पुढच्या तुकडीबरोबर परत आली. स्वतःहून लहान मुलामुलींच्या रांगेत, तीच मरून काठांची साडी नेसून, तेच पाठ पुन्हा. तिच्याबद्दल कुजबुज चालायची. 'हीच ती मारणारी.' तिने कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या एका शाळेत आंतरवासिता पूर्ण केली, परीक्षा दिली, आणि आता वर्ध्याकडे एका शाळेत मराठी शिकवते.

निवृत्त झाल्यावर एकदा तिचा फोन आला होता. मी विचारलं, "काय गं, वर्गात राग येणं गेलं का?"

"नाही मॅडम. येतो न. वर्गात पंचेचाळीस पोरं आहेत, येणारच," ती म्हणाली. "पण आता मले माह्या रागाचीच भीती वाटते. आला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते. पोरं पण आता शहाणी झाली. म्हणतात, 'बाई खिडकीत गेल्या, गप बसा रे.'"

माझ्या सगळ्या नोकरीत वर्गनियंत्रणाचा याहून चांगला धडा मी ऐकलेला नाही, आणि तो कुठल्याही फायलीत लावता येत नाही.

पण तिच्या त्या दुसऱ्या वर्षातली एक गोष्ट सांगायची राहिली. मी त्याच शाळेत नव्या तुकडीची सोय लावायला गेले होते. मोठ्या बाईंनी बऱ्याच आर्जवांनंतर पुन्हा आमच्या मुली घ्यायचं कबूल केलं होतं, आणि माझ्यासाठी चहा सांगितला होता. व्हरांड्यात सानिका भेटली. आठवीत गेली होती, उंची वाढली होती.

"त्या मॅडम कुठे असतात आता?" तिने विचारलं.

"पुन्हा शिकतायत."

"काय?"

"शिकवायला. मागच्या वर्षी त्यांनी तुला मारलं ना, म्हणून त्यांना सगळं वर्ष परत करावं लागतंय."

सानिका थांबली. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "एका फटक्यासाठी पूर्ण वर्ष?"

"हो."

"असं असतं?"

"नियम आहे तसा."

तिने यावर नीट विचार केला. मग, फार मोठी मागणी नसल्यासारखी, अगदी सहज म्हणाली, "मग आमच्या सरांना पण पाठवा ना मॅडम. त्यांची खूप वर्षं होतील."

ती या वेळी कुणाची नक्कल करत नव्हती. मोठ्या बाईंच्या दारातून शिपाई मला खुणावत होता, चहा निवतोय म्हणून. कायम नोकरीतल्या शिक्षकांचा आमच्या कॉलेजशी काही संबंध येत नाही, त्यांची वर्तणूक एकदा समाधानकारक ठरली की ठरली, हे मला पुरतं ठाऊक होतं.

मी शिपायाला थांब म्हणून हात केला आणि सानिकाला विचारलं, "कोणते सर?"

तिने आधी मागे वळून पाहिलं. मग नाव सांगितलं.